जिभेखालचा अंगठा

दि. ४, सोमवार

धाकट्याच्या बायकोचा आज फोन आला. ती स्वतःहून मला कधी फोन करीत नाही, तेव्हा काम असणार हे मी ओळखले. आणि काम होतेच. धाकटा ज्या गावी संग्रहालयाचा रखवालदार आहे, तेथील कमिटी येत्या शनिवारी त्याची जागा ठेवायची की नाही हे ठरविणार आहे. जागा गेली तर संग्रहालयाच्या माडीवरील त्यांच्या दोन खोल्याही जातील. जनावरांची निगा कशी राखली आहे यावर कमिटीला जाणकाराचे मत हवे आहे. "दादा, तुम्ही येऊन दोन शब्द बोललात तर निभेल," असे ती म्हणाली. धाकट्याने स्वतः का विचारले नाही, असे मी विचारले. तेव्हा कळले की त्याला या फोनची कल्पनाच नव्हती. तो विचारणारही नाही. लहानपणापासून त्याला काही मागण्याची लाज वाटते आणि घेण्याची वाटत नाही.

जाणकार म्हणून माझ्याकडे यावे लागले, हे योग्यच झाले. मृत जनावरांत पेंढा भरून ती जिवंत भासावीत अशी उभी करणे, हा माझा जन्माचा धंदा. वडील वारले तेव्हा मी चौथीत होतो. शाळा सोडून उस्तादांच्या कारखान्यात कातडी खरवडू लागलो, म्हणून धाकटा सातवीपर्यंत शिकला. पुढे त्यालाही मीच कारखान्यात आणले. या गोष्टीचा त्याला कधी विसर पडू नये, याची काळजी मी घेतली आहे.

शाळा सुटली तरी शुद्ध लिहिणे मी सोडले नाही. जो शुद्ध लिहितो त्याच्या हातून खोटे लिहिले जात नाही, असे माझे मत आहे.

मुलीने प्रवासाला हरकत घेतली. "बाबा, आधी डोळ्यांचं ऑपरेशन करा, मग हिंडा कुठे हिंडायचं ते." मोतीबिंदू पिकला आहे, असे डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचा फळांचाही व्यापार असावा. मला जे पाहावयाचे असते ते मी हातांनी पाहतो.

दि. ६, बुधवार

दुपारी पोहोचलो. बस गावाच्या तटाबाहेरच थांबते, कारण वेशीचा दरवाजा पूर्वी घोड्यांपुरता बांधलेला आहे. दरवाजावर घड्याळ आहे, ते बंद आहे, आणि लोक थांबून त्याचेच फोटो काढतात. आत फरसबंद गल्ल्या, लाकडी सज्जे, प्रत्येक दारावर कोण केव्हा राहत होते याची पाटी. ज्या गल्लीत शिरावे तिच्या टोकाला डोंगर उभा. डोंगरापलीकडे अभयारण्य आहे आणि त्याच्या जिवावर गाव जगते. जिवंत जनावर पाहायला लोक पहाटे जीपगाडीतून जातात. ते दिसले नाही की दुपारी संग्रहालयात येऊन मेलेले पाहतात.

धाकटा बसपाशी आला होता. केस पार पांढरे, खांदे पडलेले. मी त्याला ताठ चालण्यास सांगितले. त्याने माझी पिशवी घेतली आणि पायऱ्या आल्या तेथे न सांगता माझा दंड धरला. मी तो सोडविला. पुढच्या पायरीला पुन्हा धरला.

संग्रहालय म्हणजे जुनी कचेरी. तळघरात कैद्यांच्या कोठड्या, मध्ये न्यायालयाचे दालन आणि माडीवर कारकुनांच्या खोल्या, जेथे आता हे दोघे राहतात. खोल्या स्वच्छ आहेत. एका भिंतीशी पाहुण्यासाठी पलंग आहे. त्यांचा स्वतःचा बिछाना मला कोठे आढळला नाही, तेव्हा तो मीच घेतला असावा.

भावजयीने सूप आणि पाव वाढला. शनिवारी काय बोलणार, असे तिने आडून विचारले. जे पाहीन ते बोलेन, असे मी सांगितले. धाकटा तिला म्हणाला, "दादांना आल्या आल्या कामाला जुंपू नकोस." तिने पातेले जरा जोरात ठेवले.

दि. ७, गुरुवार

सकाळी दालन पाहिले. न्यायाधीशांचे उंच मेज अजून आहे. जेथे वकील आणि पक्षकार बसत, तेथे आता चितळ, साळिंदर, पाणमांजर, गिधाड अशी मंडळी बसली आहेत. यांतील बहुतेक आमच्या कारखान्यातून आलेली. मी एकेकाच्या तोंडात बोट घालून पाहिले.

याचे कारण येथे नोंदवून ठेवतो. आमच्या उस्तादांकडे एक रीत होती. जनावराची जीभ मेणाची करतात. मेण कोमट असताना, ती बसविण्यापूर्वी, ज्याचे काम त्याने जिभेच्या खालच्या बाजूस डावा अंगठा दाबायचा. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. आपण होऊन तोंडात बोट कोण घालतो? पण कारागिराला ठाऊक असते. माझ्या डाव्या अंगठ्यावर शिकाऊ असताना लागलेल्या सुरीची तिरकी खाच आहे. ती खाच माझी सही. धाकट्याला अंगठा लावण्याचा हक्क उस्तादांनी कधी दिला नाही. ते मला विचारीत आणि मी म्हणे, अजून नको.

चितळाच्या जिभेखाली खाच लागली. पाणमांजराच्या लागली. साळिंदराच्या लागली. हात फिरविला तर शिवण कोठे आहे ते कळू नये, असे काम. मला समाधान वाटले. उस्ताद म्हणत, तुझे काम रात्रभर मुरते. आणि ते खरे होते. संध्याकाळी मी दाभण खाली ठेवी तेव्हा एखादा खांदा जड वाटे, एखादा टाका ओढल्यासारखा दिसे. सकाळी येऊन पाहावे तर सर्व जागच्या जागी बसलेले असे. दुसऱ्या कोणा कारागिराच्या कामाला हा गुण नव्हता. धाकटा तेव्हा कारखान्यातच झोपत असे. त्यालाही मी अनेकदा दाखवीत असे की बघ, याला हात म्हणतात.

दालनाच्या मधोमध, पूर्वी आरोपी उभा राही त्या कठड्यात, एक बिबट्या ठेवला आहे. त्याच्यासमोर मुले खिदळत होती. गावात त्याला 'हसरा' म्हणतात. एक डोळा वर, एक खाली; ओठ एका बाजूला ओढला गेल्याने तो हसतो आहे असे वाटते; पोटाची शिवण दोराच्या गाठोड्यासारखी. मान तर पिशवीत बटाटे भरावेत तशी. एवढे मला हातांनी कळले. मी तोंडात बोट घालणार तोच धाकटा पुढे आला.

"त्याचे दात सुटलेत दादा. लागेल हाताला. त्याचं राहू द्या."

त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण आवाज चोरट्या माणसाचा होता. हा कोणाचा उपद्व्याप, असे मी विचारले. भावजय दारात फडके घेऊन उभी होती. ती म्हणाली, "गिरणीमालकांच्या घरून आलाय तो. त्यांचं घर मोडलं तेव्हा."

मी तिला तेथेच दुरुस्त केले. गिरणीमालकांचा बिबट्या मी केला होता. धाकटा लग्नाला म्हणून महिनाभर सासुरवाडीला जाऊन बसला होता, त्या काळात सर्वस्वी एकट्याने केलेले ते माझे काम. ते पाहून गिरणीमालकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांना एक शब्द बोलता आला नाही. असा बिबट्या आणि हे गाठोडे एकच, असे म्हणणाऱ्याने आधी आपले डोळे तपासून घ्यावेत.

भावजय तोंड उघडणार होती. धाकट्याने तिच्या हातातले फडके घेतले आणि तिला वर चहा टाकायला सांगितले. मला जे कळायचे ते कळले. माझा नाही, उस्तादांचा असणे शक्य नाही. मग उरतो कोण?

दि. ८, शुक्रवार

धाकट्याने माझ्यासाठी अभयारण्याची फेरी ठरविली होती. वनरक्षक बाई ओळखीच्या, म्हणून जीपगाडीत पुढची जागा मिळाली. डोंगर चढून गेल्यावर गवताळ पठार लागते. तेथे गाडी थांबवून बाई हळूच म्हणाल्या की समोर बिबट्या बसला आहे.

मी पाहिला. पाहून मला खेद झाला. मान आखूड, पाठ सपाट, बसण्यात डौल नाही. मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की हे जनावर चुकीचे बसले आहे, याचा नमुना म्हणून कोणी उपयोग करू नये.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तो दगड आहे. बिबट्या डावीकडे, झाडाखाली."

मागे बसलेले पाहुणे हसले. एक जण म्हणाला, "दगडाला कशाला बोलता, त्याची काय चूक?" धाकटा हसला नाही. तो म्हणाला, "उन्हाचं मलाही तसंच वाटलं." हे खोटे होते, त्याची नजर घारीसारखी आहे. लबाडी त्याला किती सहज जमते, हे मी मनाशी नोंदविले.

बाईंनी मुद्दाम परीक्षा पाहण्यासाठी तसे म्हटले असावे.

दि. ९, शनिवार

कमिटी आली. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर आहेत, बोलणे मोजके. सोबत मोठ्या लॉजचे मालक आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. तिघे न्यायाधीशांच्या मेजामागे बसले. मला बाजूला खुर्ची दिली. धाकट्याला कोणी बसा म्हटले नाही, आणि तोही बसला नाही. भावजय चहाचा ट्रे घेऊन दारापाशी उभी होती.

लॉजवाल्यांचे म्हणणे असे की शहरातील एक कंपनी दिवे आणि आवाज लावून सर्व चालवायला तयार आहे, तेव्हा रखवालदाराचा संसार पोसण्याचे कारण नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या की जनावरे इतकी उत्तम ठेवली आहेत, कंपनीला ती ठेवता येतील का? लॉजवाले म्हणाले, "उत्तम? आणि हा कोण मग? दाताच्या डॉक्टरकडे निघालाय." ते हसऱ्याकडे बोट दाखवीत होते.

अध्यक्षांनी माझे मत विचारले. मी उभा राहिलो. बाकीची जनावरे पाहून मला अभिमान वाटला, कारण ती माझ्या हातची आहेत, असे मी सांगितले. ती अजून तशी आहेत याचे कारण ती मुळातच पक्की केलेली आहेत. केवळ धूळ झटकणाऱ्याचे त्यात श्रेय नाही.

"आणि बिबट्या?" अध्यक्षांनी विचारले.

मी म्हणालो, ज्याने हे केले त्याला जनावराची कीव नाही आणि धंद्याची लाज नाही. मेलेल्या जनावराला आपण दुसऱ्यांदा मारू नये, एवढे आमचे उस्ताद पहिल्या दिवशी शिकवीत. हे ज्याला कळले नाही त्याच्या हाती इतर जनावरांच्या किल्ल्या असू नयेत.

दारापाशी कप वाजले. अध्यक्षांनी धाकट्याला विचारले, "हा तुम्ही केलाय का?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मला वाटले, आता हा माझ्यावर काही तरी ढकलतो. मी नजर हटविली नाही. मग तो म्हणाला, "हो."

"पण हा तर देणगीत आलाय ना?"

"कारखान्यात असताना केला होता. शिकत होतो तेव्हा."

"इतकी वर्षं तुमच्या ताब्यात आहे. मग नीट का नाही केलात?"

"तो जसा केला होता तसाच राहावा, असं वाटलं."

आळशी माणसाचे उत्तर. मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. लॉजवाल्यांनी चहा मागितला. भावजयीने तो सर्वांना दिला. माझा कप मेजाच्या इतक्या कडेला ठेवला की तो माझ्या हाताने पडला. तिने फरशी पुसली, मात्र दुसरा कप आणला नाही.

महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या, असे ठरले. बिबट्या दालनातून काढून टाकायचा, असेही ठरले.

जिन्यावर धाकट्याने पुन्हा माझा दंड धरला. मी त्याला सांगितले की खरे बोलणे मला सोपे गेले नाही. तो म्हणाला, "कळलं दादा. पायरी आहे."

दि. १०, रविवार

सकाळी बिबट्या मागील अंगणात आणला. त्याचे माप घेऊन तुकडे करावेत, कातडे पुरून टाकावे, असे मी सुचविले, आणि ते धाकट्यानेच करावे असा आग्रह धरला. शिक्षा म्हणून नव्हे. शिकणे कोणत्याही वयात होते. त्याने रबरी हातमोजे घातले. जुन्या कातड्यांत सोमल असते, विष असते, हे मलाही ठाऊक आहे. आम्ही उघड्या हातांनी काम करीत होतो आणि कोणी मेले नाही. उस्ताद मेले, पण ते म्हातारे होते.

त्याने पोटाची शिवण उसवली नाही. मानेपासून सुरुवात केली, आणि फार हळू. मी घाई करण्यास सांगितले. शेवटी मीच पुढे होऊन जबडा धरून ओढला. दात सुटलेले मुळीच नव्हते. जबडा तडकला आणि जीभ माझ्या हातात आली.

सवयीने मी ती उलटी करून अंगठा लावला.

खाच होती.

तिरकी, वरून खाली, माझ्या खाचेसारखी. मी अंगठा काढून पुन्हा ठेवला. तो साच्यात बसावा तसा बसला. मी काही वेळ अंगणातील बाकावर बसून होतो. डोंगरावरून वारा येत होता आणि पेंढा सगळ्या अंगणभर उडत होता.

नंतर मला उलगडा झाला. धाकट्याने माझ्या अंगठ्याचा ठसा चोरला होता. मेणात माझे ठसे कारखान्यात ठिकठिकाणी पडलेले असत. त्यांतील एकावरून साचा करणे त्याच्यासारख्या बारीक हाताच्या माणसाला अवघड नाही. अंगठ्याचा हक्क मिळाला नाही, म्हणून त्याने आपले सर्वांत वाईट काम माझ्या सहीने खपविले. उद्या कोणी तोंडात बोट घातले असते तर नाव माझे गेले असते. म्हणूनच तो मला त्या तोंडाजवळ जाऊ देत नव्हता.

मी त्याला हे शब्दशः सांगितले. तो उकिडवा बसला होता, मांडीवर बिबट्याचे डोके. त्याने हातमोजे काढले आणि त्या वाकड्या ओठावरून उघडा हात फिरविला.

"हो दादा," तो म्हणाला.

भावजय तेथेच होती. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, इतक्या जवळ की तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला. "सबंध दालनात तुमच्या एकट्याच्या हातचं एवढं एकच होतं," ती म्हणाली, "म्हणून यांनी त्याला टाका लावला नाही. बाकी सगळ्यांना रात्री—"

"तू वर जा," धाकटा म्हणाला. त्याने आवाज चढविलेला मी आयुष्यात प्रथमच ऐकला.

ती गेली. रागाच्या भरात बायका काहीही बोलतात. तिच्या वाक्याचा अर्थ लावण्याचा मी प्रयत्न केला. त्यात अर्थ नव्हता.

दि. १४, गुरुवार

घरी परतलो आहे. मुलीने धाकट्याचे पुढे काय, असे विचारले. मी फार विचार करून निर्णय घेतला. सख्खा भाऊ आहे, त्याला रस्त्यावर सोडणे मला शोभणार नाही. परसातील माझा कारखाना बंदच असतो. दोघांनी तेथे राहावे. चुलीची जागा आहे, नळ बाहेर आहे. मी धाकट्याला फोन करून कळविले. अट एकच घातली, की पुन्हा मुळापासून शिकावे लागेल. तो म्हणाला, "येतो."

मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच काही दिसत नाही." ऑपरेशनचा विषय तिला सोडवत नाही.

दि. २८, गुरुवार

धाकटा आणि भावजय आठवड्यापूर्वी आली. सामान फारसे नव्हते. त्यात बिबट्याचे डोके होते, फडक्यात गुंडाळलेले. पुरून टाक म्हटले असता त्याने ऐकले नाही. ते त्याने कारखान्यातील फळीवर, आपल्या उशाशी ठेवले आहे. आपल्या पापाकडे रोज पाहावे असे त्याला वाटत असेल तर मी आड येणार नाही.

भावजय माझ्याशी बोलत नाही. जेवण वेळेवर देते. परवा मी तिला म्हणालो, हात पुन्हा धंद्याला लागला की पाहा, माणूस तरुण होतो. त्यावर ती हसली. हसू थांबेना म्हणून पदर तोंडात धरून बाहेर गेली.

योगायोगाने कामही आले. एका बाईंचा लाडका कुत्रा वारला. पुरवत नाही, जाळवत नाही, समोर हवा म्हणाल्या. इतक्या वर्षांनी मी दाभण हाती घेतले. धाकट्याला तारेचा सांगाडा वाकविणे, पेंढा निवडणे, दोरा ओवून देणे, अशी कामे दिली. सुईच्या नेढ्यात दोरा ओवणे हे शिकाऊचेच काम असते. शिवण सर्वस्वी माझी.

काल संध्याकाळी काम थांबविले तेव्हा मला शंका आली होती. पोटाची शिवण बोटाला खडबडीत लागत होती, एक कान मागे गेल्यासारखा वाटत होता. रात्री जेवताना मी गप्प होतो, हे लिहून ठेवणे भाग आहे. वयाचा परिणाम असेल काय, असेही एकदा मनात आले.

आज सकाळी कारखान्यात गेलो. धाकटा नुकताच तोंड धूत होता, डोळे तांबारलेले. त्याची झोप लहानपणापासून वाईट. मी कुत्र्याच्या पोटावरून हात फिरविला. रेशीम. कान जागच्या जागी, मान वळलेली, कोणी हाक मारली असावी तशी. उस्ताद म्हणत तेच खरे. माझे काम रात्रभर मुरते.

बाई दुपारी आल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. त्यांनी कुत्र्याला नावाने हाक मारली. गिरणीमालक मात्र आवाज न करता रडले होते, माणसामाणसाची रीत.

त्या येण्यापूर्वी जीभ बसवायची होती. मेण कोमट केले. जीभ घडविली. धाकटा कंदील धरून उभा होता. त्यालाही आज अंगठा लावू द्यावा, असे क्षणभर वाटले, पण ते बरोबर झाले नसते. मी जीभ उलटी केली, डावा अंगठा दाबला, उचलला. मेणावर मला काही दिसेना. उजेड कमी होता.

"नीट उमटला का?" मी विचारले.

धाकट्याने कंदील जवळ आणला. फळीवरच्या त्या हसऱ्याच्या काचेच्या डोळ्यांतही उजेड पडला.

"उमटला दादा," तो म्हणाला. "तुमचाच आहे."